नाकातली नळी आणि माझा जबाब

गावात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आता गिळता येतं का?" येतं. भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करायची, हळूहळू चावायची आणि मध्ये मध्ये पाण्याचा घोट घ्यायचा. शेंगदाणे, पोहे, कोरडं काहीही चालत नाही. एवढं सांगितलं की बायका मान डोलावतात, पण जात नाहीत. पुढचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो आणि तो विचारायची कुणाची छाती होत नाही. मी हे लिहिते आहे ते त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी. शिवाय नाकातून दुर्बीण घालणार म्हटल्यावर माझी जी गाळण उडाली होती, ती दुसऱ्या कुणाची उडू नये असंही वाटतं.

मी सुमन. मुखेड तालुक्यातल्या एका गावची, बारावी शिकलेली, शेतकऱ्याची बायको. आमची ऋतुजा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि डॉक्टर व्हायचं म्हणाली. तेव्हा आमच्याकडे सगळे करतात तेच आम्ही केलं. लातूरला एक खोली भाड्याने घेतली, पोरीला क्लास लावला आणि तिच्या खाण्यापिण्याचे हाल नकोत म्हणून मी तिच्याबरोबर जाऊन राहिले. हे गावाकडे राहिले, शेत आणि गुरं बघायला. आमच्या गल्लीत दर खोलीला अशीच एकेक आई होती. कुणी देगलूरची, कुणी रेणापूरची. पोरं पहाटे उठून पाठ करायची, आम्ही पहाटे उठून डबे करायचो. कुणाच्या पोराला टेस्टमध्ये किती मार्क पडले ते आधी गल्लीला कळायचं आणि मग त्याच्या बापाला.

नळ आला

लातूरच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. आठ-दहा दिवसांनी येतं, आणि आलं की लग्नघरासारखी पळापळ होते. एरवी सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. त्या पाण्याचा क्षार मोरीच्या फरशीवर पांढरा थर होऊन बसतो आणि साबणाला दाद देत नाही. त्यासाठी सायकलवरून ॲसिड विकणारा माणूस यायचा. तो कॅनमधून ओतून द्यायचा, बाटली आपली. मी पाण्याची एक रिकामी बाटली पुढे केली. सगळी गल्ली तेच करायची, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

सकाळी ऋतूशी माझी चकमक झाली होती. टेस्टचे मार्क उतरले होते, ती तोंड फुगवून बसली होती, डबा नको म्हणत होती. मी म्हणाले, "तुझ्यापायी घरदार सोडून बसले मी इथं, आन् तू डबा न्हाई म्हणतीस?" ती डबा घेऊन गेली. अशी वाक्यं आमच्या गल्लीत रोज दर खोलीतून ऐकू यायची.

ती गेल्यावर मी मोरी घासायला घेतली. अर्धी घासून झाली असेल नसेल, तोच बाहेर ओरडा झाला, नळ आला. मी मोरीतलं सगळं दोन्ही हातांनी उचलून खिडकीत सारलं आणि हंडे, बादल्या, पातेली, बाटल्या, हाताला लागेल ते भरत सुटले. भरलेल्या बाटल्या खिडकीतच मांडल्या. सगळं आटोपेपर्यंत अंग आंबून गेलं. दोन घास खाल्ले आणि आडवी झाले.

दुपारी जाग आली ती घशाला कोरड पडून. अंथरुणावर बसल्या बसल्याच मी खिडकीकडे हात लांबवला, बाटली घेतली आणि प्यायले.

दोन घोट गेले असतील. क्षणभर काहीच झालं नाही. मग छातीच्या आत, अगदी मधोमध, जाळ झाला. ओरडायला गेले तर आवाज नाही. मला आठवतं ते इतकंच की मी त्या बाटलीकडे बघत बसले होते. ती पाण्याची बाटली होती. आतलं पाण्यासारखंच दिसत होतं. हे आत्ता काय झालं, ते माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मी कोसळल्याचा धप्प आवाज ऐकून घरमालकीण काकू धावत आल्या. त्यांनी मला पाहिलं, बाटली पाहिली, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "काय केलंस गं बाई हे," म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या भागातल्या कुठल्याही शहाण्या बाईने केलं असतं तेच केलं. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून मला पाजलं आणि बोटं घालून ओकायला लावलं. फवारणीचं औषध प्यायलेल्या माणसाला आमच्याकडे असंच करतात, लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण ॲसिडला ते चालत नाही. जे एकदा जाळत खाली गेलं होतं, ते जाळत परत वर आलं. काकूंना मी दोष देत नाही, त्यांनी मला वाचवायलाच ते केलं. पण हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. असं कुणी काही प्यायलं तर ओकवू नका, काही पाजत बसू नका, तोंड नुसतं धुवा आणि दवाखाना गाठा.

पेन्सिलीपेक्षा बारीक

लातूरच्या दवाखान्यात सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. घसा आतून इतका सुजला होता की थुंकी गिळता येत नव्हती, ती वाटीत सोडावी लागत होती. डॉक्टर गावाहून धावत आलेल्या ह्यांना समजावत होते आणि मी पडल्या पडल्या ऐकत होते. पोटात अन्न जायला नळी घालावी लागेल. पण अंदाजाने आत ढकलली तर जळालेल्या जागी भोक पडेल. तोंडातून मोठी दुर्बीण घालायची तर गुंगी द्यावी लागेल, आणि असल्या सुजेत गुंगी दिली तर श्वास अडकेल. नांदेडला एका डॉक्टरांकडे नाकातून घालायची बारीक दुर्बीण आहे, तिकडे न्या.

नाकातून, हा शब्द ऐकला आणि मी पलंगाची दांडी घट्ट धरली. घसा जळालेला, छाती जळालेली, आता राहिलेलं एक नाक तेवढं धड होतं, तेही डॉक्टरांना हवं होतं.

नांदेडचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी दुर्बीण माझ्या हाताजवळ धरून दाखवली. शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा बारीक, काळी, वळवावी तशी वळणारी. म्हणाले, "ताई, तुम्ही जाग्याच राहणार. श्वास तुमचा तुम्ही घ्यायचा. दुखलं की हात वर करा, मी थांबतो." आजवर मला कुठल्याही डॉक्टरने असं, मी थांबतो, म्हटलं नव्हतं.

त्यांनी नाकात औषध मारलं. कडू थेंब घशात उतरले, आग झाली, आणि मग नाकाची ती बाजू आपली नाहीच असं वाटायला लागलं. मला पलंगावर अर्धवट बसवलं. सिस्टरने कपाळ धरलं. दुर्बीण आत शिरताना दुखलं नाही, नाकात काहीतरी रेटत जातंय एवढंच कळलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. घशाशी आल्यावर ते म्हणाले, "आता गिळा." तो एक घोट मला जन्मभर विसरता येणार नाही. पण तो एकच होता. दुर्बीण खाली गेली आणि पुढे मला काही करावं लागलं नाही.

समोर पडदा होता. बघू नको म्हणून सिस्टर सांगत होत्या, तरी मी बघितलं. माझ्या आत पांढरे पापुद्रे सुटले होते, कुठे लालभडक, कुठे काळपट डाग. दोन घोटांनी एवढं केलं होतं. मला रडूही आलं नाही, इतकी मी हबकले होते.

मग त्यांनी दुर्बिणीच्या पोटातून एक बारीक तार आत सोडली, तार तिथेच ठेवून दुर्बीण काढून घेतली आणि त्या तारेवरून नळी ओवत नेली. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात तसंच. शेवटी तार ओढून काढली, नळी नाकाशी चिकटपट्टीने चिकटवली आणि झालं. स्वयंपाकाला बसले असते तर तेवढ्यात वरणाला फोडणीही बसली नसती. ज्याला कुणाला हे करायचं असेल, त्याला माझं सांगणं आहे की भीती जेवढी वाटते, तेवढं ते नाही.

घाबरवणारं जे होतं ते त्यानंतर आलं. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "किती प्यायलात?"

मी दोन बोटं दाखवली.

"चुकून?"

मी होकाराची मान हलवली.

ते हातमोजे टाकून माझ्याजवळ आले. मग हळू आवाजात, अजिबात न रागावता म्हणाले, "ताई, चुकून तोंडात गेलं तर माणूस जागच्या जागी थुंकतो. ओठ भाजतात, जीभ भाजते. तुमचे ओठ, जीभ जवळजवळ धड आहेत. जळालंय ते सगळं मागे आणि खाली. म्हणजे गिळलंय. काही असेल तर मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही."

घसा बंद होता ते सोडाच, पण मलाच कळेना. खरंच, मी थुंकले का नाही?

चुकूनच झालं, साहेब

अशा केसमध्ये पोलीस येतात. एक जमादार आले, वयस्क, सवयीचे. खुर्ची ओढून बसले. मला बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी ह्यांना विचारलं.

"चुकूनच झालं साहेब," हे म्हणाले. "पाणी समजून पिली. खिडकीत बाटल्या व्हत्या, त्यातली एक."

"घरात काही भांडण, तकलीफ?"

"न्हाई साहेब. समदं बराबर हाय."

जमादारांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. अशी वाक्यं त्यांनी किती घरांत लिहिली असतील कोण जाणे. आमच्याकडे कुणीही काही प्यायलं की घरचे हेच सांगतात. चुकून घेतलं. खोकल्याचं औषध समजून घेतलं. अंधारात कळलं नाही.

मला फार बरं वाटलं होतं. निदान माझ्या माणसाने खरं ते सांगितलं. हे जमादारांना सोडायला दाराबाहेर गेले. दार उघडंच होतं. बाहेर माझी नणंद, मंगलआक्का, देगलूरहून आलेली, बाकावर बसली होती. तिने विचारलं, "काय सांगितलास रे?"

हे म्हणाले, "चुकून झालं म्हणून सांगितलो. आता काय सांगावं आक्का? केस व्हायची, पोरीच्या लग्नात अडचण व्हायची."

मी छताकडे बघत पडून राहिले. माझ्या नवऱ्याने पोलिसाला अक्षर न् अक्षर खरं सांगितलं होतं, आणि ते खोटं समजून सांगितलं होतं.

मला उठून सांगावंसं वाटलं, अहो, मी त्यातली नाही. माझी आई भूकंपात गेली. मी नऊ वर्षांची होते. आमच्या माळवदाच्या घरातून मला काढलं आणि तिला काढलं, पण ती गेलेली होती. मामाने मला रेणापूरला नेऊन वाढवलं, काही कमी केलं नाही, तरी शाळेतून घरी येताना रोज मला कुणाची तरी वाट बघितल्यासारखं व्हायचं. बिनआईच्या पोरीचं काय होतं हे ज्या बाईला माहीत आहे, ती आपल्या पोरीला सोडून जाईल? हे ह्यांना कळायला नको? एका ताटात जेवलेल्या माणसाला?

पण घशातून शब्द निघत नव्हता. आणि निघायला लागला तेव्हा पहिला शब्द मी तोच काढला, "चुकून." आक्काने माझ्या कपाळावरून हात फिरवला. "हाव बाई," म्हणाली. "चुकूनच. आता नको इचार करू."

त्या हाव बाईत काय होतं ते मला कळलं. मी जितकं जास्त सांगायचे तितकं ते खोटं वाटत जायचं.

पहारा

त्या दिवसापासून माझ्यावर पहारा बसला. आक्काने माझ्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. साडीची पिन काढली. वॉर्डातल्या संडासात फिनाईलची बाटली होती, ती आक्काने स्वतः उचलून नेऊन सिस्टरच्या टेबलावर ठेवली आणि वर सिस्टरलाच चार शब्द सुनावले. मी आत गेले की ती दाराला पाठ लावून उभी राहायची आणि मिनिटामिनिटाला "सुमे?" अशी हाक मारायची. मला आवाज नव्हता, म्हणून मी आतून बादली वाजवायची. नळी नाकात घेऊन संडासात बादली वाजवत बसलेली बाई, असं माझं चित्र होतं. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा मात्र अपमानाने जीव जायचा.

बाकी दिवस नळीचेच होते. सकाळी दूध, मग डाळीचं पाणी, मग तांदळाची पातळ पेज, अंड्याचा पांढरा बलक फेटून. सगळं गाळून, मोठ्या सिरिंजमध्ये भरून हळूहळू सोडायचं. जेवण नाकातून जाताना त्याची ऊब आत कळते, चव मात्र नाही. चव यायची ती ढेकर आल्यावर. डाळीच्या पाण्याचा ढेकर आला की मी डोळे मिटून तेवढ्यावर जेवायची.

भरवायचे हे. ज्या माणसाने लग्नापासून स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं नव्हतं, तो माणूस स्वच्छ धोतराच्या फडक्यातून पेज दोनदा गाळायचा, मनगटावर थेंब टाकून गरम आहे का बघायचा आणि नळी धुऊन वरून पाणी सोडायचा. एका गुठळीने नळी तुंबली असती तर पुन्हा नाकातून सगळा खटाटोप करावा लागला असता, म्हणून गाळताना ते श्वास रोखून धरायचे. "भागलं का?" विचारायचे. मी मान हलवायची. माझ्याबद्दल हा माणूस असं कसं मानू शकतो म्हणून मी त्यांच्यावर पेटलेली असायची, आणि त्यांची ती पेज गाळणारी बोटं बघून विरघळायची. दोन्ही एकाच वेळी. आजारपणात नवरा-बायकोचं काय होतं म्हणून कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

पण खरा घोर ऋतूचा होता. ती नांदेडला येऊन राहिली होती. क्लास बुडत होता, त्याचं कुणी काही बोलत नव्हतं. ती पायथ्याशी पुस्तक घेऊन बसायची आणि पान उलटायची नाही. मी तिचा हात ओढून कुजबुजले, "ऋतू, चुकून झालं गं. आईची शपथ."

"हाव मम्मी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

सकाळच्या भांडणाचं तिने आत्याला सांगितलं होतं, तेही मला आक्काच्या बोलण्यातून कळलं. म्हणजे माझ्या पोरीने मनाशी ठरवून टाकलं होतं की तिच्या मार्कांपायी तिची आई मरायला निघाली होती. जगाने काय वाटेल ते मानावं. हे ओझं घेऊन ती जन्मभर जगणार, आणि ते मी कसं उतरवणार, याच एका विचाराने मी झुरत होते. पुरावा कुठून आणायचा? मनात काय नव्हतं याचा पुरावा कुणाकडे असतो?

एक पेला पाणी

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तीच बारीक दुर्बीण घालून आत बघितलं. या वेळी मी स्वतःच नाक पुढे केलं. जखमा भरत होत्या. एक जागा आवळली होती, ती पुढे दोन-तीनदा फुग्याने रुंदावून घ्यावी लागली. पण त्या दिवशी ते खुशीत होते. नळी काढली. ती बाहेर येताना नाकातून साप निघाल्यासारखं वाटलं, आणि मग एकदम मोकळं. सिस्टरने पेल्यात पाणी आणलं. हे, आक्का, ऋतू, सगळे दाराशी उभे होते.

"एक घोट घ्या," डॉक्टर म्हणाले. "आरामात."

इतक्या दिवसांनी पाणी. मी पेला घेतला, मान मागे टाकली, आ वासला आणि पेला वर उचलून...

"अहो, थांबा." डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. पाणी माझ्या गळ्यावर सांडलं. "असं काय करता? ठसका लागला म्हणजे? तोंड लावून प्या."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते काय म्हणताहेत ते मला कळेना.

"तुम्ही नेहमी असंच पिता?"

"म्हणजे कसं?" मी विचारलं.

हे दारातून म्हणाले, "आमच्यात तोंड लावून कुणीच पीत न्हाई साहेब. एकच तांब्या, एकच बाटली, समद्यांची. उष्टं व्हतंय की."

डॉक्टर माझं मनगट धरून तसेच उभे राहिले. मग हळूच सोडलं. स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, जमिनीखाली काहीतरी हललं की माणसं बघतात तसा.

"वरून ओतलेलं जिभेवर थांबतच नाही," ते शेवटी म्हणाले, जणू स्वतःशीच. "सरळ मागे जातं. पहिला घोट गिळून होईपर्यंत दुसरा घशात असतो. थुंकणार कधी?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीसुद्धा घरी असाच पितो, ताई. आणि मला हे सुचलं नाही. त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो, ते चुकलं."

मला वाटलं होतं, खरं सिद्ध झालं की आनंद होईल. तसं काही झालं नाही. आक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी म्हणतच व्हते, आमची सुमी असं करायची न्हाई." ते ऐकून मला इतकं हसू आलं की घशात कळ गेली. हे बाहेर नळावर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्या पायाशी बसले आणि म्हणाले, "म्हंजे जमादाराला मी बराबरच सांगितलो व्हतो की."

"बराबरच सांगितलात," मी म्हणाले.

यापेक्षा जास्त आम्ही दोघं त्यावर आजवर बोललेलो नाही.

तुला का वाटलं

ऋतू मात्र हसली नाही, रडली नाही. भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, पळत येऊन गळ्यात पडेल. तिचा चेहरा उलट पांढरा पडला होता.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी तिला पलंगावर शेजारी बसवलं. खिडकीतून दवाखान्याच्या अंगणातल्या रिक्षा दिसत होत्या. आवाज माझा अजून घोगरा होता.

"डॉक्टरला वाटलं, ठीक हाय. त्यानं जखम बघितली," मी म्हणाले. "तुझ्या बापाला वाटलं, आक्काला वाटलं, ते जगाच्या रीतीनं चालणारी माणसं. पण तू माझ्यासंगं एका खोलीत राहतीस. तू मला रोज बघतीस. तुला कामून वाटलं गं?"

ती नखाने चादर उकरत राहिली.

"सकाळच्या बोलण्यानं?"

तिने मान हलवली. नाही.

"मंग?"

"माझ्या मनात तेच चालू व्हतं, मम्मी," ती म्हणाली. "दिवाळीपासून. रोज. मला वाटलं, तुला कळलं. मला वाटलं, मी करायच्या आधी तूच..."

तिने चादरीत तोंड लपवलं.

मी पुन्हा त्या बाटलीच्या दिवशीसारखी झाले. काय ऐकलं ते डोक्यात शिरेना. इतके दिवस मी, माझ्याबद्दल सगळे असं कसं मानतात म्हणून आतल्या आत जळत होते. आणि ज्याच्यावर पहारा बसायला हवा होता ते लेकरू माझ्या पायथ्याशी पुस्तक उघडून बसलं होतं, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, बिचारीचा अभ्यास बुडतोय. ती मार्कांमुळे गप्प आहे असं मी म्हणायचे. डबा नको म्हणायची तेव्हा मी तिला नखरे म्हणायचे.

मी तिला धरलं. किती वेळ ते माहीत नाही. मग डॉक्टर राऊंडला आले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, माझ्या घशाचं नंतर बघा, हिचं ऐकून घ्या. त्यांनी खुर्ची ओढली. त्याच दिवशी ते तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, स्वतः बरोबर चालत.

लातूरची खोली आम्ही सोडली. त्यावर गावात बरंच बोललं गेलं, मी कानामागे टाकलं. ऋतू आता मुखेडला कॉलेजला जाते, बसने जाऊन येऊन. तिचं औषध चालू आहे, महिन्याला नांदेडला जातो, माझा घसा आणि तिचं मन दोन्ही एकाच फेरीत दाखवून येतो. मनाच्या डॉक्टरांनी मला शिकवलं की असं विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट हलकं होतं. म्हणून मी रोज संध्याकाळी ती बसमधून उतरली की सरळ विचारते, आडून नाही. "आज मनात आलं का?"

बहुतेक दिवशी ती म्हणते, "न्हाई मम्मी, आज न्हाई."

कधी कधी म्हणते, "आलं व्हतं." तेव्हा मी तिला चहा टाकते, तिच्याजवळ बसते आणि म्हणते, सांग. ती सांगते. ते ऐकताना मला फार भीती वाटते. पण ती सांगते आहे, एवढ्यावर मला रात्री झोप येते.